घोड्याला नऊ तास, बाईला किती?

पुण्यात नोकरी करणारी माझी भाची दिवाळीच्या सुटीत फोंडाघाटास आली, तेव्हा तिने मला एक छापील पत्रक दाखविले. केवळ स्त्रियांसाठी चार दिवसांची सहल. रानात तंबूत मुक्काम, सकाळी योग आणि ध्यान, दिवसा घोड्यावरून भ्रमंती, रात्री शेकोटीभोवती मनमोकळ्या गप्पा. शुल्काचा आकडा मी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचला आणि हसलो. ती म्हणाली, "मामा, बाबा दर वर्षी मित्रांबरोबर गिरनार नाहीतर गाणगापूर करतात, तेव्हा तुम्ही हसत नाही."

तिचे म्हणणे खरे होते. पुरुषाने घर सोडून चार दिवस कोठे जावे ह्याला आपल्याकडे यात्रा, अभ्यासदौरा, अधिवेशन अशी भारदस्त नावे आहेत. स्त्रीने तेच केले की ते चोचले ठरतात. म्हणून ह्या प्रश्नाचा थट्टेने नव्हे, हिशेबाने विचार करावा असे मी ठरविले.

त्याच दिवशी आमच्या भाताच्या कापणीला आलेल्या वाडीतल्या बाईला भाचीने ती सहल समजावून सांगितली. तिने विळा खाली ठेवून सगळे नीट ऐकले आणि विचारले, "बरा वाटता मा? मग झाला. पण तवसर घरातली चूल कोण पेटयता?"

तीस वर्षांहून अधिक काळ मी अर्थशास्त्र शिकविले. ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या शास्त्राजवळ नाही, कारण त्याने तो कधी नीट विचारलाच नाही. पिगू ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये एक विसंगती दाखवून दिली होती : एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, हात तेच. वेतन थांबले म्हणून काम हिशेबातून नाहीसे झाले. आजही तसेच आहे. रानातल्या सहलीचे शुल्क राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. ज्या थकव्यापोटी ते भरले जाते, तो थकवा आणणारे काम मोजले जात नाही.

निदान त्या कामाचे तास आता मोजले गेले आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ८८. शिवाय असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्याऐंशीच्या वर आहेत, तर पुरुष सुमारे सत्तावीस. २०१९ च्या पहिल्या सर्वेक्षणात स्त्रीचा आकडा २९९ होता. म्हणजे पाच वर्षांत तिची दिवसाला दहा मिनिटे सुटली. पण ती पुरुषाने उचलली असे म्हणता येत नाही, कारण ह्याच काळात त्याचाही आकडा ९७ वरून ८८ वर उतरला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालून दिली आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती सक्तीची केली. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. त्यांतही दिवसाला नऊ तास, सलग पाच तासांहून जास्त काम नाही. पारा सदतीस अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन कामच नाही. तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोंहून अधिक भार लादू नये असेही त्यांत म्हटले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे कामगार तट्टाच्या मागे पडला. आणि घरातली बाई? तिला नऊही नाहीत आणि बाराही नाहीत. तिच्या डोक्यावरच्या हंड्याचे आणि भाऱ्याचे वजन कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

येथे आपण, म्हणजे समाजवादी आणि कामगार चळवळीने, थोडे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या चळवळीमुळे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला जी मोठी सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती. पुढे युनियनच्या बळावर पगारी रजा आली. त्या रजेवर आमच्या भागातला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येई. आम्ही त्याला विश्रांतीच्या हक्काचा विजय म्हणत असू, आणि तो विजय होताही. परंतु चाकरमानी घरी आला की त्याच्या घरच्या बाईचे काम कमी होत नसे, वाढत असे. वर्षभर एकटीने शेत, गुरे आणि सासूसासरे सांभाळायचे. आणि धनी आला की वड्यासागोतीला उभे राहायचे. एकाची रजा दुसरीच्या जादा कामावर उभी होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या आणि चाकरमान्याची ती रजाही गेली. बाईच्या रजेची मागणी मात्र कोणत्याही मागणीपत्रकात नव्हती.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. मला प्राध्यापक म्हणून उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुटी मिळे. त्या सुटीत मी वाचन करी, पाहुणे बोलावी, चर्चा रंगवी. माझ्या पत्नीचे काम त्याच दिवसांत दुप्पट होई. ती आज नाही. तिला एकही सुटी मिळाली नाही, हा हिशेब मी तिच्या हयातीत कधी मांडला नाही.

पूर्वीच्या समाजाने ह्यावर काहीच योजना केली नव्हती असे नाही. माहेरपण ही ती योजना. श्रावणात, दिवाळीत किंवा पहिल्या बाळंतपणात मुलीने माहेरी यावे, उशिरा उठावे, आईच्या हातचे खावे. परंतु माहेरपण सासरच्या परवानगीवर आणि बापाच्या ऐपतीवर अवलंबून असे, आणि आईवडील गेले की भावजयीच्या चेहऱ्यावर. शिवाय लेक विसावा घेई तेव्हा चुलीपाशी त्याच घरची सून असे. ती कृपा होती, हक्क नव्हता. आज माहेरपण बाजारात विकत मिळू लागले आहे एवढाच फरक झाला. पैसे असतील तर परवानगी थोडी सोपी होते.

राहता राहिला घोडा. रानातून घोड्याबरोबर जाणारी स्त्री ही महाराष्ट्राला नवी नाही. पावसाळा संपला की फलटण-खंडाळ्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात आणि कोकणातल्या भाताच्या खाचरांत खतासाठी कळप बसवितात. त्यांच्या तांड्यात घोड्याच्या पाठीवर संसार असतो : भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे. घोड्याचा दोर बहुधा बाईच्या हातात असतो आणि ती स्वतः चालत असते. मुक्कामाला पोचल्यावर ओझे उतरविणे, पाणी शोधणे आणि तीन दगडांची चूल मांडणे ही तिची कामे. रान तेच, तंबू आणि शेकोटीही तीच. तिच्या वाटचालीला कोणी आरोग्यसहल म्हणत नाही. रानाने आणि घोड्याने मन ताजे होत असेल, मला ते नाकारायचे नाही. पण त्याचे खरे कारण बहुधा हे आहे की त्या चार दिवसांत स्वयंपाक दुसरे कोणी करते.

ते दुसरे कोण, हा पुढचा प्रश्न. फोंडाघाट चढून गेले की दाजीपूरचे, राधानगरी अभयारण्याचे जंगल लागते. गव्यांसाठी १९५८ पासून राखलेले हे रान २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. उद्या अशा सहली आमच्या ह्या डोंगरात आल्याच, तर त्यांना आंधळा विरोध करू नये असे माझे मत आहे. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणवितो. त्यातला रोजगार येथल्या माणसांना मिळालाच पाहिजे. पण काही अटी आपण आजच मांडून ठेवाव्यात. तंबूत भाकरी भाजणाऱ्या आणि घोडे सांभाळणाऱ्या माणसांना ठरलेले वेतन, ठरलेले तास आणि आठवड्याची सुटी मिळावी. घोड्याला निदान १९६५ च्या नियमांएवढे संरक्षण मिळावे. अभयारण्याच्या आसपासच्या पाच किलोमीटरांतील गुरांना लस टोचण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात आहे. बाहेरून आलेल्या घोड्यांनाही तीच शिस्त लागू व्हावी. धनगरवाड्यावरच्या म्हशीला जेथे मज्जाव आहे, तेथे पाहुण्यांच्या घोड्याला वाट मिळता कामा नये.

आणि मालकी? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया २०१७ मध्ये वल्ह्यांच्या होड्यांतून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात स्त्री उद्योजकांच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची सोय आहे. ती सोय शहरातल्या कंपनीऐवजी वाडीतल्या गटापर्यंत पोचते की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत पाहावे.

तरीही ह्याने वाडीतल्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले. आधी त्यांच्या डोळ्यांसमोर पुणे होते. पण शहरातल्या चिकित्सालयात गरीब पोचणार नाही हे जाणून ते खेड्यात गेले. दोनच वर्षांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात जगाने विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क मानला. 'प्रत्येकाचा' ह्या शब्दात आमची कापणीवाली येते. तिच्यासाठी घोडा नको. दारात नळ हवा, वाडीत चालणारे पाळणाघर हवे, मजुरी न बुडता मिळणारी आठवड्याची सुटी हवी, आणि घरातल्या पुरुषाला चूल पेटविता यायला हवी. पहिल्या तीन गोष्टी सरकारकडे मागाव्या लागतील. चौथीसाठी मोर्चा नेण्याची गरज नाही.

भाचीला मी सांगितले, "तू अवश्य जा." तिच्या नवऱ्याला सांगितले, की त्या चार दिवसांत डबा बाहेरून मागवू नकोस. मी स्वतः ह्या वयात भात आणि कुळथाची पिठी करायला शिकतो आहे. पिठी अजून गुठळ्यांची होते.