ओल्या गोधडीचा राग पोरावर नको

मायबहिणींनो, पोर दिवसा ‘शू आली’ म्हणून सांगतं, पण रात्री गोधडी भिजवतं. म्हणून त्याला चापट मारू नका, चारचौघांत लाजवू नका. ते मुद्दाम करत नाही. झोपेत लघवी धरण्याची शक्ती सावकाश येते. पाच वर्षांपर्यंत हा आजार नव्हे.

निजण्यापूर्वी शू करवा. गोधडीवर मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याची घडी घाला. सकाळी तेवढीच धुवायची. मराठवाड्याच्या उन्हात पाणी मात्र तोडू नका. दिवसा भरपूर पाजा, निजताना घोटभर.

लघवीला जळजळ, सारखी तहान, वजन घटणं दिसलं, किंवा सहा महिने कोरडं राहून पुन्हा भिजवू लागलं, तर लगेच आरोग्य केंद्रात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखवा. लघवीतली साखर वेळीच कळली, तर पोराचा जीव वाचतो.