‘दार बंद’ आणि शंभर टक्के बटवडा

माझी सगळी नोकरी टपालाच्या बटवड्यात गेली. ‘दार बंद’ हा शेरा कधी खरा असतो आणि कधी नुसताच मारलेला, हे मला चटकन कळतं. परवा आमच्या सोसायटीतल्या एका आजींच्या स्पीड पोस्टवर तो पडला. वेळ पावणेबाराची. आजी गुडघ्यांमुळे उंबरा ओलांडत नाहीत, आणि पावणेबाराला त्यांच्या उघड्या दारात भाजीवाली मेथी निवडून देत बसलेली असते.

मी त्या पोस्टमनला दोष देणार नाही. माणसं कमी, त्यामुळे एकाच्या गळ्यात दोन-दोन बीटं. संध्याकाळी मोबाइल ॲपवर प्रत्येक नगापुढे काहीतरी नोंद हवीच. ‘आज जमलं नाही’ म्हटलं की ऑफिसचा टक्का घसरतो आणि वरून फोन येतो. ‘दार बंद’ टाकलं की आकडा स्वच्छ, चूक पाकीट घेणाऱ्याची! खोटेपणा या हिशेबाच्या रचनेतच आहे.

त्याची झळ थेट कोर्टापर्यंत पोहोचते. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेलं पाकीट, उलट सिद्ध होईपर्यंत, मिळालंच असं जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ धरून चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अलवी हाजी खटल्यात चेक न वटल्याच्या नोटिशीलाही हे लागू केलं. म्हणजे जे पाकीट दारापर्यंत आलंच नाही, ते मिळालं असं ठरू शकतं. मिळालं नाही, हे सिद्ध करायचं आजींनी.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. ओटीपी घेऊन बटवड्याची सोयही आली, जादा पाच रुपये आणि जीएसटी भरून. पण ओटीपीने पाकीट दिल्याचा पुरावा मिळतो. पोस्टमन दाराशी आलाच नव्हता, हे त्यातून कळत नाही.

ब्रिटनमध्ये रॉयल मेलची पहिल्या वर्गाची पत्रं २०२४-२५ मध्ये ७७ टक्केच वेळेत पोहोचली, उद्दिष्ट ९३ टक्क्यांचं होतं. ऑफकॉम या नियामकाने २.१ कोटी पौंडांचा दंड केला. तिथे मोजमाप बाहेरची यंत्रणा करते, म्हणून तो लाजिरवाणा आकडा उजेडात आला. आपल्याकडेही चाचणीची पत्रं बाहेरच्यांनीच टाकावीत, आणि ‘आज जमलं नाही’ लिहिणाऱ्या पोस्टमनला त्याची शिक्षा होऊ नये.

तोवर, खोटा शेरा दिसला तर पोस्टमनशी भांडू नका. ट्रॅकिंगचा फोटो जोडून लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.