समुद्राकडे पाहणारी राजधानी



यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘समुद्र आणि सत्ता’. गुरुग्रामहून निघणाऱ्या अंकाला हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण नौदलाचे माहिती व्यवस्थापन आणि विश्लेषण केंद्र याच शहरात आहे. 23 नोव्हेंबर 2014 रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्याचे उद्घाटन केले. नौदल आणि तटरक्षक दलाच्या 51 ठाण्यांची माहिती इथे एकत्र येते. 2018 पासून हिंदी महासागरासाठीचे माहिती केंद्रही इथेच आहे. तिथे मित्रदेशांचे अधिकारी आपल्या नौदलासोबत व्यापारी जहाजांच्या वाटांवर लक्ष ठेवतात.

यामागे 2008 च्या मुंबई हल्ल्याचा धडा आहे. दहा हल्लेखोर ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून आले आणि कुलाब्याच्या कोळी वस्तीपाशी उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना पाहिलेही होते. किनाऱ्याला जे दिसले, ते सत्तेपर्यंत वेळेत पोचले नाही.

हे नवे नाही; समुद्रावरचे जय-पराजय बहुधा किनाऱ्यापासून दूर, आतल्या राजधानीत आधीच ठरतात. शिवाजी महाराजांचे मुख्य ठाणे डोंगरात, राजगडावर होते; तरी 1664 मध्ये त्यांनी मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी तर परक्या व्यापाऱ्यांनाही आपले दस्तक, म्हणजे परवाने, घ्यायला लावले.

पुढे आरमाराच्या महत्त्वाची ही जाण राहिली नाही. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पुण्याच्या पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. पण त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आरमाराचा सेनानी वॉटसन याच्या तोफांपुढे विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. वर्ष सरायच्या आत वॉटसन आणि इंग्रज सेनानी क्लाइव्ह बंगालमध्ये पोचले; जून 1757 मध्ये क्लाइव्हने प्लासी जिंकली. घरचे भांडण मिटवताना पुण्याने पश्चिम किनारा परक्यांना मोकळा करून दिला.

किनाऱ्याकडे राजधानीचे दुर्लक्ष महागात पडते, हेच दोन्ही प्रसंग सांगतात; म्हणून गुरुग्राममधल्या पडद्यांइतकेच किनाऱ्यावरचे डोळे मोलाचे आहेत. कोळी बांधवांची बंदरे, डिझेल आणि घटत चाललेली मासळी हे प्रश्न दिल्लीने आपले मानावेत. ज्यांचे ऐकले जाते, तीच माणसे धोका दिसताच विश्वासाने हाक देतात. ही हाक ऐकणारी राजधानी घडवणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.



— संपादक