पंखा बंद!

आमच्या घरात दिवसातून तीनदा कर्फ्यू लागतो. पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद, मांजर हद्दपार. मे महिन्यातसुद्धा! पाहुण्यांना वाटतं, बाबा पूजेला बसलेत. बाबा बॅग बदलत असतात.

बाबांच्या किडन्या थकल्यावर डॉक्टरांनी पेरिटोनियल डायलिसिस सुचवलं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली. त्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते काढून ताजं भरायचं. रक्तातला कचरा पोटातल्या पातळ पडद्यातून त्या पाण्यात उतरतो. हॉस्पिटलच्या चकरा कमी, म्हणून बाबा खूश. फक्त बॅग बदलताना नळीचं टोक काही सेकंद उघडं असतं. तेवढ्यात जंतू शिरले तर थेट पोटात.

दिवाळीआधीच्या शनिवारी बाबांचा हात मुरगळला होता. म्हटलं, मी करते, ट्रेनिंग झालंय ना माझं! सहाचा शो होता, मैत्रीण खाली हॉर्न वाजवत होती. हात धुतले म्हणजे नळाखाली भिजवले. सर्दी असूनही मास्क लावला नाही. आणि नळीचं टोक माझ्या कुर्त्याच्या बाहीला लागलं. नुसतं निसटतं. अशा वेळी क्लॅम्प लावून थांबायचं आणि नर्सला फोन करायचा, हे मला तोंडपाठ होतं. ‘काही होत नाही’ म्हणत मी नळी जोडून टाकली.

निघालेल्या पाण्याच्या बॅगेखाली आम्ही रोज पेपर धरतो. अक्षरं वाचता आली की ऑल इज वेल. सोमवारी हेडलाइनही दिसेना. बाबा पोट धरून बसलेले. ती गढूळ बॅग तशीच घेऊन रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, कारण तपासणी तिचीच होते. पोटात इन्फेक्शन! दोन आठवडे डायलिसिसच्या बॅगेतूनच अँटिबायोटिक्स. नळी काढावी लागली नाही, हे नशीब.

नर्सला मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. अंगठी काढायला लावली आणि समोर उभी राहून साबणाने हात धुऊन घेतले: बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, मग पूर्ण कोरडे. वर विचारलं, “बॅग कोमट कशी करता?” आम्ही बादलीतल्या गरम पाण्यात बुडवायचो. तेही चूक! ओलाव्यातून जंतू येतात; कोरडा हीटिंग पॅड वापरायचा. बद्धकोष्ठही होऊ द्यायची नाही, कारण आतड्यातले जंतूही पडद्यापर्यंत पोचू शकतात. (आईचा इसबगोल अखेर सायंटिफिक निघाला.)

या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये म्हटलंय की हे इन्फेक्शन एका पेशंटमागे वर्षाला ०.४० वेळांपेक्षा जास्त होऊ नये. म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा. आमचा नंबर आठव्या महिन्यातच लागला. बाहीमुळे, सर्दीमुळे की बादलीमुळे, कोण सांगणार?

बाहीचं बाबांना सांगायला मला आठवडा लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पिक्चर तरी बरा होता का?”

टुकार होता.