यान हातानेच उतरवा

'स्पेस इंजिनिअर्स' खेळता ना? मग चालत्या वाहक जहाजावर लढाऊ यान एकदा तरी स्वतः उतरवा. स्क्रिप्ट टाकली की ते आपोआप जोडलं जातं, मान्य. पण मग खेळलं कोण?

जहाज सेकंदाला 60 मीटर वेगाने चाललंय, तर तुम्हीही त्याच दिशेने 60नेच जायचं. आता जहाज तुम्हाला थांबलेलंच दिसेल! साधे डॅम्पनर चालू ठेवलेत, तर यान जागच्या जागी थांबेल आणि जहाज जाईल पुढे निघून. (किंवा मागून येऊन धडकेल!) हळूहळू जवळ जा. कनेक्टर पिवळा झाला की जोडा, हिरवा झाला की उतरलात.

'सापेक्ष वेग' मी शाळेत फळ्यावरच्या आगगाड्यांवरून शिकलो. तुम्हाला तो इथे बोटांनी कळतो. दहा-बारा वेळा जमलं, की स्क्रिप्ट खुशाल वापरा.