मधाचे बोट आणि पहिले वर्ष

पाचवी, बारसे, उष्टावण, बोरनहाण. बाळाच्या प्रत्येक टप्प्यावर घरची वडीलधारी मंडळी वैद्याचा सल्ला घेतात. त्या विश्वासापोटीच व्यवसायबंधूंना न रुचणारे थोडे लिहीत आहे.

नवजातास मध-तूप चाटविण्याचा विधी संहितांत आहे, हे निर्विवाद. तथापि मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात आणि वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ती रुजून विष निर्माण करतात, हे आज ज्ञात आहे. आरंभी केवळ मलावरोध. मग रडणे क्षीण होते, स्तन्य ओढण्याची शक्ती जाते, मान लुळी पडते. बद्धकोष्ठाची तक्रार म्हणून आलेल्या अशा बालकास आपण गुटीत बाळहिरड्याचा एक वळसा वाढवून परत पाठविले तर? मध अस्सल असल्याची ग्वाही येथे निरुपयोगी आहे. गाळल्याने ही बीजे जात नाहीत.

यात शास्त्रद्रोह नाही. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायातही लेहनास योग्य-अयोग्य बालकांचा विवेक आहे. सरसकट चाटण तेथेही नाही. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात लघु, हितकर अन्न सांगितले. जागतिक आरोग्य संघटनाही २००१ पासून पहिले सहा महिने केवळ स्तन्यपान सुचविते.

औषधालयचालकांनी मधाची बाटली देण्यापूर्वी बाळाचे वय विचारावे. “आमची मुले नाही का वाढली?” असे म्हणून आजी रागावतील, कदाचित शेजारच्या दुकानात जातील. जाऊ द्यावे; मात्र त्या दुकानदारासही हे आधीच सांगून ठेवावे.