यंत्राचा निबंध

इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी सर्वांस खुलें झालें, आणि कॉलेजांतील इंग्रजी निबंध क्षणांत सिद्ध होऊं लागले. आमच्या पुतण्यानें असाच एक निर्दोष निबंध दाखविला. परंतु त्यांतील एका वाक्याचा अर्थ विचारतांच तो निरुत्तर झाला. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेंत वाक्य विद्यार्थ्यासच जुळवावें लागे! तेव्हां आम्हीं क्रम ठरविला : उतारा आधीं स्वतः वाचावा, मसुदा स्वहस्तें लिहावा, मग यंत्रास केवळ चुका विचाराव्या. यंत्र शब्दापुढें शब्द अनुमानानें जुळवितें, म्हणून ठामपणें चुकतेंही. यास्तव शब्दकोश जवळ असावा. पुढील निबंध ओबडधोबड उतरला खरा, पण त्याचा शब्दन् शब्द पुतण्यास समजावून सांगतां आला. वडील मंडळींनीं गुणांआधीं अर्थ विचारावा, हीच विनंती.